दावा मयतीनंतर, की कागद हयातीत?

आपल्या व्यापारी बांधवांना वकील आठवतो तो तीन वेळा. पार्टीचा चेक परत आला म्हणजे, जागामालकाची नोटीस आली म्हणजे, आणि वडिलांचा इन्तेकाल होऊन भावाभावांचे बोलणे बंद झाले म्हणजे. पहिल्या दोन कामांसाठी वकिलांची वाण नाही. तिसऱ्या कामासाठीही वकील मिळतात, पण भांडण सुरू झाल्यावर. भांडण होऊच नये म्हणून घरचा कर्ता हयात असतानाच कागद नीट करून देणारा वकील मात्र क्वचित आढळतो.

माझ्या ओळखीचे असे एक वकीलसाहेब आहेत. मालेगावच्या विणकर घरातले, माझ्यासारखेच उर्दू शाळेत शिकलेले. पंधरा वर्षे दिवाणी कोर्टात दावे लढविल्यावर त्यांनी वाटपाचे नवे दावे घेणे बंद केले आणि एकच काम धरले. ते म्हणजे कुटुंबाच्या मिळकतीची हयातीत तजवीज. वसिय्यत, हिबा, भागीदारीचे करार, नॉमिनेशन, मेहरची नोंद हे सर्व त्यात आले. मोठ्या शहरांत याला 'इस्टेट प्लॅनिंग' म्हणतात. मी तीस वर्षे कापडाचा धंदा करीत आहे. चालती वकिली सोडून कमी फीचे काम कोणी का धरावे, हे मला समजेना. म्हणून एके दिवशी मी त्यांना सरळच विचारले. त्यांनी जे सांगितले ते आपल्या दुकानदारांना व कारागिरांना उपयोगी पडेल, म्हणून येथे देत आहे.

हे काम का धरले?

वकीलसाहेब म्हणाले, "शेठ, एक दावा मी जिंकलो आणि त्यानंतर मला झोप लागेना." चार भाऊ, एक शेड, सोळा माग. वडील गेले आणि दोन वर्षांत वाटपाचा दावा दाखल झाला. कोर्टाने मनाई हुकूम दिला. माग विकता येईनात, गहाण ठेवता येईनात, दुरुस्तीला कोणी पैसा घालीना. विजेचे बिल थकले, कनेक्शन तुटले. निकाल लागला तेव्हा वकीलसाहेबांच्या अशिलाला त्याचा हिस्सा मिळाला खरा, पण तो भंगाराच्या भावाने. त्याचा मुलगा तोवर दुसऱ्याच्या शेडमध्ये मजुरीला लागला होता.

ते पुढे म्हणाले, "त्या चौघांत कोणीही बेईमान नव्हता. हिश्शाबद्दलही वाद नव्हता, चौघे भाऊ बरोबरीचे. वाद एवढाच होता की सोळा मागांपैकी वडिलांचे किती? थोरला म्हणे, सहा माग मी माझ्या कमाईने घेतले. पण बिल वडिलांच्या नावावर, पैसा वडिलांच्या खात्यातून गेलेला. वडील हयात असते तर एका कागदावर चार ओळी लिहून त्यांनी हा प्रश्न मिटविला असता. त्या चार ओळी नव्हत्या म्हणून आम्ही दोन्ही बाजूंचे वकील अकरा वर्षे बोलत राहिलो. तेव्हा वाटले, मयतीनंतर अकरा वर्षे बोलण्यापेक्षा हयातीत अकरा दिवस बसलेले बरे."

दुसरे कारण त्यांनी धंद्याचे सांगितले. आपल्यातही जो फक्त शर्टिंग विकतो त्याला त्या मालाचे सूत, वजन, पन्हा हात लावताच कळतो. सर्व वाण ठेवणाऱ्याला तसे कळत नाही. वारसाहक्काचे काम असेच आहे. त्यात फराइजचा हिशेब, भागीदारीचा कायदा, भाडे कायदा, बँकेचे नियम, नोंदणी हे सर्व एकत्र येते, आणि सर्वच दावे घेणाऱ्या वकिलाला यातले एखादे तरी सुटते. शिवाय एका घराचे काम नीट झाले की तेच घर निकाहाच्या वेळी, नवीन भागीदारीच्या वेळी, घर घेताना पुन्हा येते. दाव्याची फी एकदा मोठी मिळते, पण हरलेला भाऊ आयुष्यभर सलाम करीत नाही. इथे फी लहान असते, पण सगळे घर आपले राहते.

हिस्से ठरलेले, ढीग ठरलेला नाही

वकीलसाहेबांच्या सांगण्याचा मुख्य मुद्दा हा की, कोणाला किती हे शरीअतने ठरवून दिले आहे. सूरह निसामध्ये वारसांचे हिस्से आलेले आहेत आणि १९३७ च्या शरीअत अ‍ॅक्टमुळे आपल्या देशात मुसलमानांच्या वारसाहक्काला सामान्यतः तोच कायदा लागू होतो. मग लिहायचे काय उरले? उरले ते हे की, मयताचे होते काय, आणि त्याच्यावर देणे होते काय. हिस्से ढिगातून निघतात, आणि ढीग किती हेच आपल्या घरांत कोणाला माहीत नसते.

मयताच्या मालातून आधी कफन-दफनाचा खर्च, नंतर कर्ज, त्यानंतर एक तृतीयांशाच्या आतील वसिय्यत, आणि उरेल ते वारसांना, हा क्रम आहे. एक उदाहरण घेऊ. एका दुकानदाराची जागा, माल व येणे मिळून ६० लाख रुपये झाले. सोपे जावे म्हणून कफन-दफनाचा खर्च सोडून देऊ. वसिय्यत नाही, आईवडील हयात नाहीत. मागे पत्नी, दोन मुलगे व दोन मुली आहेत. मालाच्या पार्ट्यांचे देणे ९ लाख आणि पत्नीचे न दिलेले मेहर ३ लाख. मेहर हेही कर्जच आहे, ही गोष्ट अनेक जण विसरतात. १२ लाख वजा जाता ४८ लाख उरले. पत्नीचा आठवा हिस्सा ६ लाख. राहिलेल्या ४२ लाखांचे सहा भाग केले तर प्रत्येक मुलाला दोन भाग म्हणजे १४ लाख, प्रत्येक मुलीला एक भाग म्हणजे ७ लाख.

आता समजा वाटणी केलीच नाही, "सर्व एकत्रच आहे" म्हणून सोडून दिले. काही वर्षांनी आई गेली. तिच्या ६ लाखांतून मुलांना दोन-दोन आणि मुलींना एक-एक लाख गेले. थोरल्या मुलाचा हिस्सा १६ लाख झाला. पुढे तोही गेला. मागे पत्नी, एक मुलगा, दोन मुली. पत्नीला २ लाख, मुलाला ७ लाख, मुलींना साडेतीन-साडेतीन लाख. म्हणजे एकाच गाळ्याचे आता सात मालक झाले. धाकटा भाऊ, दोन बहिणी, एक भावजय आणि तिची तीन मुले. त्यांतील एक धुळ्याला, एक सुरतला, एक अज्ञान. बँकेचे कर्ज काढायचे तर सातांच्या सह्या हव्यात. हिशेब कठीण नव्हता, तो वेळेवर केला नाही म्हणून कठीण झाला.

सहा गैरसमज

वकीलसाहेबांकडे येणारे बहुतेक लोक हेच गैरसमज घेऊन येतात.

१. नॉमिनी म्हणजे मालक. हे खरे नाही. बँक नॉमिनीला पैसे देऊन मोकळी होते, पण नॉमिनीने ते वारसांना द्यावयाचे असतात. कंपनीच्या शेअर्सबाबतही नॉमिनी मालक होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये दिला. नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी ठेवता येतात, तरी त्यांनी वारसांचे हिस्से बदलत नाहीत. विम्याबाबत २०१५ साली कायद्यात बदल झाला आहे. आपल्या पॉलिसीचे काय ते स्वतंत्र विचारून घ्यावे.

२. मुलगा दुकानात बसतो, म्हणून दुकानात त्याचा हिस्सा आहे. आपल्या कायद्यात मुलाला जन्माने हक्क नाही. वडील हयात असेतो सर्व त्यांचे. हिंदू अविभक्त कुटुंबाची पद्धत आपल्याला लागू नाही. वीस वर्षे गल्ल्यावर बसलेला मुलगा आणि सौदीत नोकरी करणारा मुलगा हे वडिलांच्या पश्चात बरोबरीचे वारस ठरतात. बसणाऱ्याच्या मेहनतीचा मोबदला द्यावयाचा असेल तर हयातीतच त्याला पगार लावावा, नाहीतर लेखी करार करून भागीदार करावे. भागीदारीतही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १९३२ च्या भागीदारी कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे, करारात वेगळे लिहिले नसेल तर भागीदाराच्या मृत्यूने पेढी विसर्जित होते. आणि हिशेब न चुकवता बाकीच्यांनी त्याच भांडवलावर धंदा चालू ठेवला तर कलम ३७ खाली मयताच्या वारसांना नफ्यातील वाटा किंवा सालाना ६ टक्के व्याज मागता येते.

३. वसिय्यत करून सर्व एकाला देता येते. सुन्नी हनफी कायद्यात वसिय्यत एक तृतीयांशापर्यंतच चालते, तीही जो वारस नाही त्याच्यासाठी. वारसाच्या नावे केली, किंवा एक तृतीयांशाहून जास्त केली, तर मयतीनंतर इतर वारसांची संमती लागते. शिया कायद्यात एक तृतीयांशाच्या आत वारसालाही देता येते. म्हणून आपला मस्लक वकिलाला आधी सांगावा.

४. मयत मुलाची मुले आपोआप हिस्सा घेतील. आजोबांच्या हयातीत बाप वारला आणि चाचा हयात असले, तर त्या नातवंडांना आजोबांच्या मालातून वारस म्हणून काही मिळत नाही. पण ती वारस नाहीत म्हणूनच त्यांच्यासाठी एक तृतीयांशापर्यंत वसिय्यत करता येते. हा दरवाजा उघडा आहे. आजोबा दोन कागद लिहायचे विसरतात आणि यतीम मुले चाचांच्या मेहेरबानीवर राहतात. वकीलसाहेब म्हणतात, "दिवसभरात दुसरे काही काम झाले नाही आणि अशी एक वसिय्यत झाली, तरी मी समाधानाने घरी जातो."

५. लहान मुलांचे त्यांची आई पाहील. आई मुलांना सांभाळते, परंतु कायद्याने ती अज्ञान मुलांच्या मिळकतीची वली आपोआप होत नाही. १९१८ सालच्या प्रिव्ही कौन्सिलच्या निकालापासून हे पक्के आहे. कोर्टाने तिला पालक नेमल्याशिवाय व परवानगी दिल्याशिवाय तिला मुलांच्या हिश्शाची जागा विकता येत नाही. मात्र बापाने वसिय्यतीत तिला वसी नेमले तर तिची पुष्कळ अडचण दूर होते.

६. पागडीचे दुकान वसिय्यतीने देता येते. भाडेकरूचा हक्क वसिय्यतीने देता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली जुन्या मुंबई भाडे कायद्याखाली ठरविले. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे मयताबरोबर त्या जागेत धंदा करणाऱ्या कुटुंबीयाला आधी हक्क मिळतो. तसा कोणी नसेल तर वारस, आणि त्यांचे एकमत न झाल्यास कोर्ट ठरविते. म्हणून दुकानात आपल्याबरोबर कोण बसते, हे गुमास्ता व हिशेबाच्या कागदांत दिसले पाहिजे.

हिबाबद्दल दोन शब्द

हयातीत कोणाला काही द्यावयाचे असेल तर हिबा हा मार्ग आहे. देतो असे सांगणे, घेणाऱ्याने कबूल करणे आणि ताबा देणे, या तिन्ही गोष्टी झाल्या की हिबा पूर्ण होतो. तो तोंडीही होतो. त्याची आठवण म्हणून लिहिलेल्या कागदाची नोंदणी झाली नाही एवढ्यावरून तो रद्द होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सांगितले. परंतु अडचण येते ती ताब्याची. गाळा मुलीला दिला असे सांगायचे आणि भाडे मात्र स्वतःच घेत राहायचे, असा हिबा कोर्टात टिकणे कठीण. मरणाच्या आजारात केलेल्या हिब्यालाही एक तृतीयांशाची मर्यादा लागते. आणि मुलांत देताना बरोबरी राखण्याची प्रेषितांची (स.) ताकीद आहे, ती कायद्याच्या कागदापेक्षा मोठी आहे. बहिणींचा हिस्सा बुडविण्यासाठी हिबा करून मागणाऱ्याला वकीलसाहेब परत पाठवतात.

आपाचे खाते

आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो. सांगायला बरे वाटत नाही, पण लपवूनही उपयोग नाही.

आमच्या वालिद साहेबांचा इन्तेकाल १९९८ साली झाला. अम्मी, आम्ही तीन भाऊ व दोन बहिणी. चाळिसावा झाल्यावर दोन्ही बहिणींना निबंधक कचेरीत नेले आणि हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या. "बहिणी माफ करतात" अशी आपल्याकडे रीतच पडून गेली आहे. दुकान किती रुपयांचे आहे, हे आम्ही त्यांना सांगितले नाही आणि त्यांनी विचारले नाही. सही करताना मी आपाच्या शेजारी उभा होतो.

२०११ साली आपाच्या मालकांचे धुळ्याचे दुकान अडचणीत आले. ती आमच्याकडे पैसे मागायला आली. आम्ही दीड लाख रुपये दिले व खतावणीत तिच्या नावाचे पान उघडले. दुकान वाचले नाही, पण तिने महिना पाच हजारांप्रमाणे तीस हप्त्यांत सर्व फेडले. एकही हप्ता चुकला नाही. आम्हाला तिचा अभिमान वाटला.

२०१९ साली मी माझ्या मुलांसाठी कागद करावे म्हणून वकीलसाहेबांकडे गेलो. त्यांनी जुन्या वह्या मागविल्या. पाने चाळताना ते त्या पानावर थांबले. "ही कोण?" मी म्हटले, "माझी थोरली बहीण. पै न पै फेडली तिने." त्यांनी वालिद साहेब गेले त्या वर्षीचा ताळेबंद काढायला लावला. देणे वजा जाता १६ लाख होते. अम्मींचा आठवा हिस्सा २ लाख. राहिलेल्या १४ लाखांचे आठ भाग. आपाचा एक भाग, १ लाख ७५ हजार. वकीलसाहेबांनी आकडा माझ्यापुढे ठेवला आणि विचारले, "शेठ, ही तुमची देणेकरी होती की घेणेकरी?"

तिच्याच पैशांतून आम्ही तिला उधार दिले होते आणि ते वसूलही केले होते.

आम्ही तिघे भाऊ बसलो. मधले म्हणाले, कागद रजिस्टर्ड आहे, विषय संपला. वकीलसाहेब म्हणाले, "कायद्याने त्यांचे बरोबर आहे. वडिलांच्या पश्चात, सज्ञान बहिणीने, राजीखुशीने केलेले हक्कसोडपत्र टिकते. पण न सांगितलेल्या रकमेची माफी ही माफी आहे का, हे तुम्ही मला विचारू नका, स्वतःला विचारा." मी व धाकट्याने आमच्याकडे येणारा दोन्ही बहिणींचा भाग आजच्या किमतीने काढून दिला. मधले भाऊ अजून तयार नाहीत. आपाने पैसे घ्यायला आधी नकार दिला, नंतर घेतले. म्हणाली, "हे तेव्हा सांगितले असते तर यांचे दुकान राहिले असते." यावर मला उत्तर नव्हते.

त्या दिवशी मला वकीलसाहेबांच्या धंद्याचा अर्थ समजला. आम्ही बहिणीचा हक्क मारायला निघालो नव्हतो. आम्हाला वहीत वारसांचे पान उघडायचे सुचलेच नाही. ते काम करणारा कोणीतरी वेळेवर घरात यायला हवा होता.

आपण काय करावे?

१. आपल्या नावावर काय आहे आणि मुलांच्या कमाईचे काय आहे, याची यादी करावी. जागा, माल, यंत्रे, येणे, देणे सर्व लिहावे व दरवर्षी ताळेबंदाबरोबर ती दुरुस्त करावी.

२. पत्नीचे मेहर दिले असेल तर पोचपावती ठेवावी. दिले नसेल तर देण्यात लिहावे. शक्य असेल तर आजच द्यावे.

३. तोंडी उधार-उसनवार लेखी करावी. सूरह बकरामधील देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याची आज्ञा व्यापाऱ्यांनी विसरू नये.

४. दुकानात बसणाऱ्या मुलाचा पगार किंवा भागीदारी ठरवावी. भागीदारीच्या करारात एखादा भागीदार वारल्यास हिशेब कसा, किती मुदतीत व कोणाला द्यावयाचा, हे कलम जरूर घालावे.

५. मयत मुलाची मुले, गरजू नातेवाईक यांच्यासाठी एक तृतीयांशाच्या आत वसिय्यत करावी. मुले अज्ञान असतील तर वसी नेमावा. वसिय्यतीची नोंदणी सक्तीची नाही, पण दोन साक्षीदारांच्या सह्या व नोंदणी असल्यास पुढे शंका राहत नाही.

६. हयात बापाच्या मिळकतीवर मुलींकडून हक्कसोड लिहून घेऊ नये. अजून न मिळालेला हक्क सोडता येत नाही. मोबदला घेऊन लिहून दिलेल्या कागदाबाबत १९७२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय वेगळा आहे, पण त्या वाटेने जाण्याचे कारणच काय?

७. वडील गेल्यावर हिशेब लांबवू नये. आधी प्रत्येक वारसाला त्याचा आकडा लेखी द्यावा. त्यानंतर कोणी आपल्या मर्जीने सोडत असेल तर ती त्याची देणगी, आपला हक्क नव्हे.

आलिमांकडून हिश्शांचा हिशेब समजून घ्यावा व वकिलाकडून कागद करून घ्यावा. दोघांपैकी एकाने भागत नाही. आपण माल खरेदी करताना थान उलगडून पाहतो, एक डाग दिसला तरी परत करतो. आपल्या पश्चात मुलांच्या हाती जे थान जाणार आहे, तेही एकदा उलगडून पाहावे. येत्या जुम्मापूर्वी निदान ती यादी तरी लिहायला घ्यावी. त्यासाठी वकिलाची गरज नाही, एक वही पुरे.